तुटल्या तारेची हाक

"माझे मालक गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तापानं वारले," समोर बसलेली तरुणी म्हणाली, "अन् परवा सांजच्याला त्यांनी मला 'जाऊ नको' म्हणून हाक मारली."

परभणीच्या स्टेशन रस्त्यावरील त्या लहानशा कचेरीत बन्सीधररावांच्या हातातील चहाचा पेला ओठांपर्यंत जाऊन तेथेच थबकला. खासगी गुप्तहेर बुद्धभूषण खिल्लारे यांची मात्र पापणीही हलली नाही.

"आवाज कुठून आला?" त्यांनी विचारले.

"कॉम्प्युटरातून."

बन्सीधररावांनी पेला खाली ठेवला. कापडाचे दुकान मुलांच्या स्वाधीन करून ते खिल्लारे यांच्यासोबत केवळ हौसेखातर हिंडत असत. स्वभावाने ते सालस होते. परंतु जो माणूस शेवटी बोलेल त्याचे म्हणणे त्यांना खरे वाटे, आणि भुताखेतांच्या बाबतीत तर कोणी बोलण्याचीही आवश्यकता नसे.

तरुणीचे नाव दीपिका. चुडावा स्थानकाच्या अलीकडे, रुळांना लागून असलेल्या धनगरवस्तीत तिचे सासर होते. पती मल्हार हा लग्नकार्यांचे चित्रीकरण करून घरच्याच संगणकावर त्याची जुळणी करीत असे.

"आवाज त्यांचाच हाय, ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "सकाळी मी भाकरी घेऊन मेंढरांकडं निघाले की हे मशीन चालू करायचे. चालू झालं की मशीनच बोलायचं, 'दीपे, थांब की गं. जाऊ नको.' स्वतःचा आवाज भरून ठेवला होता आत. मी चिडायचे, हे हसायचे."

"मग कोडं कसलं?"

"मशीन चालू कोण करायलाय, ते कोडं हाय साहेब. ते गेल्यावर आत्या, म्हंजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी बटण दाबून आवाज ऐकायच्या. मग एक दिवस बटण मेलं. ह्यांच्या धंद्यातले जोडीदार, चंद्रभान भाऊजी, त्यांनी डबा खोलला. बटणाची तार आतून तुटलेली. मी सोता बघितली. अन् आता दिवाळीपासून तेच मशीन आपल्या आपण चालू व्हायलंय. कुणी हात लावत न्हाई. आमी सगळे समोर बसलेले असतो."

बन्सीधररावांच्या अंगावर सरसरून काटा आला. "प्लग काढून टाका ना बाई!"

"आत्या काढू देत न्हाईत. लेकरू घरात यायलंय अन् तुमी दार लावायला निघालात का, म्हणतेत."

दीपिकेला परभणीच्या एका परिचारिका विद्यालयात प्रवेश मिळाला होता. परवा सकाळी तेथे हजर राहिले नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. सासूसासऱ्यांनी आधी होकार दिला होता. परंतु मल्हार स्वतः 'जाऊ नको' म्हणू लागल्यावर घरातून तिची पिशवीच उचलली जाईना.

"भुताची मला भीती न्हाई," ती खाली पाहत म्हणाली. "ते खरंच थांब म्हणत असतील तर मी थांबते साहेब. पण खरंच म्हणतेत का, एवढं मला कळू द्या."

खिल्लारे यांनी खुंटीवरची टोपी काढली. "बन्सीधरराव, चुडाव्याची पॅसेंजर सापडेल. उठा."

*

वस्ती रुळांच्या इतकी निकट होती की अंगणातील दोरीवर वाळणारे कपडे गाडीच्या वाऱ्याने हलावेत. थंडीच्या दिवसांतील फिकट ऊन भिंतींवरून हळूहळू सरकत होते. अंगणात मल्हारचे वडील धोंडीबा एका मेंढीला गुडघ्याखाली दाबून तिची लोकर उतरवीत होते.

"पोलीस का?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"नाही. खासगी."

"खासगी म्हंजे पगार न्हाई का?"

"असेच काहीसे," खिल्लारे हसले.

धोंडीबांनीही हसण्यासाठी तोंड उघडले. त्यात एकही दात नव्हता. शेजारच्या पितळीत दुधात कुस्करलेली भाकरी भिजत पडली होती.

"त्या यंत्राविषयी तुमचं काय मत आहे, बाबा?"

"मी त्या डब्याला हात लावत न्हाई. मेंढराला हात लावलेला बरा. ते मेल्यावर बोलत न्हाई."

खिल्लारे यांनी खाली पडलेली लोकर कातरण्याची कातर उचलून उन्हात धरली. दोन्ही पाती रुंद आणि लखलखीत होती. एका पात्याच्या टोकाजवळ मात्र लहानसा खांडा पडला होता.

"छान धार आहे. पण हा खांडा?"

"लागली असंल कुठं दगडाबिगडाला. द्या हिकडं." धोंडीबांनी कातर घाईने परत घेतली.

आत खोली अंधारी होती. रुळांच्या बाजूच्या भिंतीला एक लोखंडी टेबल टेकवलेले होते आणि त्यावर तो संगणक होता. सीपीयूच्या उभ्या डब्यावर हळदकुंकवाची बोटे ओढलेली होती. समोर निरांजन तेवत होते आणि काळ्या पडद्यात त्याची ज्योत अशी काही हलत होती, की आत कोणीतरी दिवा घेऊन फिरत असावे असे बन्सीधररावांना वाटले. त्यांनी दृष्टी वळवली.

दाराजवळ मल्हारची आई भिवराबाई रहाटावर लोकर कातीत बसल्या होत्या. बोलताना त्यांचा हात क्षणभरही थांबत नव्हता.

"माझं लेकरू येतंय," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेली माणसं, तुमाला न्हाई पटायचं. पण येतंय."

इतक्यात सूत तुटले. भिवराबाईंनी बोटे जिभेला लावून ओली केली, तुटलेली दोन टोके एकमेकांवर आडवी ठेवली आणि तळहाताने एक पीळ दिला. रहाट पुन्हा फिरू लागला.

"गाठ नाही मारलीत?" खिल्लारे यांनी विचारले.

"गाठ मारली की घोंगडी अंगाला टोचती. धाग्यावर धागा निजवायचा अन् पीळ द्यायचा. वर खळ लावली की मग हालत न्हाई." चुलीशेजारच्या गाडग्याकडे त्यांनी मानेने खूण केली. त्यात चिंचोक्याची शिजवलेली तपकिरी खळ होती.

"आई, त्या डब्याच्या आत काय असतं, पाहिलंय कधी?"

"मी कशाला बघू? आत नुस्तं लाल-पिवळं सूत ताणलंय, मागावर ताणल्यावानी. त्यातच जीव अडकलाय माझ्या लेकराचा."

बन्सीधररावांनी हळूच खिशातील रुमाल काढून कपाळ पुसले.

*

चंद्रभानचा फोटो स्टुडिओ स्थानकाच्या रस्त्यावर होता. मल्हारचा हा जोडीदार. त्याच्या मनगटात बांगडीसारखा काळ्या चिकटपट्टीचा रोल अडकवलेला होता आणि तोंडात गुटखा होता.

"या काका! फोटो काढायचा का? भूत बघून आलेल्या माणसाचा फोटो लय भारी येतो," तो बन्सीधररावांचा चेहरा पाहून म्हणाला.

"तुम्ही तो संगणक विकत मागितला होता म्हणे?" खिल्लारे यांनी थेट विचारले.

चंद्रभानचे हसू ओसरले. "मागितला. त्यात गिऱ्हाईकांची लग्नं अडकून पडलीत साहेब. एका जोडप्याला पोरगं झालं, पण लग्नाचा व्हिडिओ अजून मिळाला न्हाई. मला शिव्या खाव्या लागतेत."

"म्हणजे घरच्यांना भीती वाटली, तर यंत्र तुमच्या पदरात पडेल."

"अहो, मलाच भीती वाटायलीय!" तो ओरडला. "तार मी डोळ्यानं बघितली. उंदरानं कुरतडली असती तर दाताच्या खुणा दिसल्या असत्या. ही सपकन कापलेली होती. मी जोडायला चिकटपट्टी काढली, तर धोंडीबाकाका म्हणले, 'राहू दे. नको जोडू.' म्हणून डबा नुस्ता लावला अन् आलो. आता ते तुटक्या तारेवर चालायलंय म्हणल्यावर मी त्याला हात लावीन का? परत बोलावलं, मी गेलोच न्हाई."

"आज यावं लागेल," खिल्लारे म्हणाले. "अंधार पडायच्या आत."

*

तिन्हीसांजेला सर्वजण त्या खोलीत जमले. बाहेर मेंढरे वाड्यात कोंडली होती. निरांजनाखेरीज दिवा लावू नये, असा भिवराबाईंचा आग्रह होता.

एक पॅसेंजर गाडी मंद होत होत आली, स्थानकाकडे जाऊन उभी राहिली आणि काही वेळाने निघून गेली. काहीच घडले नाही.

"रोज व्हतंच असं न्हाई," दीपिका कुजबुजली. "कधी व्हतं, कधी न्हाई."

मग दुरून एक मालगाडी धडधडत आली. ती थांबणारी नव्हती. फळीवरील कपबशा किणकिणू लागल्या, आणि त्या प्रचंड आवाजात कोणाला कोणाचे बोलणे ऐकू येईना. डबे संपता संपेनात. अखेरीस आवाज दूर गेला, विरला, आणि खोलीत पूर्वीपेक्षाही गाढ शांतता पसरली. मेंढरेसुद्धा चिडीचूप झाली होती.

त्या शांततेत काळा पडदा निळसर उजळला.

बन्सीधररावांनी चंद्रभानचा हात घट्ट पकडला. चंद्रभानने त्यांचा त्याहूनही घट्ट पकडला. पडद्याच्या उजेडात सर्वांचे चेहरे प्रेतासारखे निळे दिसत होते. काही वेळ नुसतीच घरघर ऐकू आली. आणि मग, अगदी जवळून, हसू दाबल्यासारखा एक तरुण आवाज म्हणाला,

"दीपे, थांब की गं. जाऊ नको."

भिवराबाईंनी हात जोडले. धोंडीबा ताडकन उठले आणि दोन्ही कान दाबून अंगणात निघून गेले. दीपिका जागच्या जागी गोठली होती. केवळ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

बन्सीधररावांनी साहाय्यासाठी आपल्या मित्राकडे पाहिले, आणि त्यांना नवल वाटले. खिल्लारे यंत्राकडे पाहतच नव्हते. डोळे मिटून त्यांनी आपला तळहात लोखंडी टेबलावर सपाट टेकवला होता.

"दीपिकाताई, बंद करा," ते म्हणाले. "आणि आता मी प्लग काढणार आहे."

"नगं साहेब! माझं लेकरू आत हाय!"

"आई, तुमच्या लेकराला धक्का लागणार नाही. मी शब्द देतो."

डब्याची बाजूची झडप स्क्रूविना नुसती सरकवून ठेवलेली होती. ती त्यांनी बाजूला केली, बॅटरीच्या झोतात बराच वेळ आत पाहिले, मग नाक जवळ नेऊन वास घेतला. त्यांचा चेहरा गंभीर झाला. परंतु त्या गांभीर्यात विजय नव्हता.

"धोंडीबांना आत बोलवा," ते हलक्या स्वरात म्हणाले. "आणि दिवा लावा. आता अंधाराचं काही काम नाही."

*

"सर्वप्रथम," खिल्लारे यांनी प्रारंभ केला, "तुटलेल्या तारेवर हे यंत्र चालत नाही. कारण तार तुटलेली नाही. ती जोडलेली आहे."

"मी सोता बघितली की!" चंद्रभान म्हणाला.

"त्या दिवशी पाहिलीत. त्यानंतर डबा उघडून कोणी पाहिला?"

तुटलेली तार एकदा सर्वांनी पाहिली होती आणि तेवढ्यावरच सर्वजण विसंबून राहिले होते.

"बटण म्हणजे दोन तारांची क्षणभर भेट घडवणारा मध्यस्थ. त्या कशाही भेटल्या, तरी यंत्र जागं होतं. मग बोटाने भेटोत वा धक्क्याने. येथे दोन्ही तारा जोडल्या आहेत, पण वर आवरण नाही. उघडं तांबं उघड्या तांब्याशेजारी आहे. धडधडत जाणारी मालगाडी आली की भिंत हादरते, टेबल हादरतं आणि तारा एकमेकींना स्पर्श करतात. पॅसेंजर येथे मंद होते, तेव्हा हादरा बसत नाही. माझ्या तळहाताने ते मला सांगितलं."

"पण आवाज तर गाडी गेल्यावर आला!" बन्सीधरराव म्हणाले.

"यंत्राला जागं व्हायला वेळ लागतो. ते सुरू होतं गाडीच्या गोंगाटात, आणि बोलतं गोंगाट संपल्यावर. म्हणून शांततेतून आवाज आल्यासारखा वाटतो, आणि गाडीवर कोणाचा संशय जात नाही. पाहा." त्यांनी प्लग पुन्हा लावला. "बन्सीधरराव, या टेबलावर बुक्की मारा."

बन्सीधररावांनी भीतभीत बुक्की मारली.

"ही बुक्की की लग्नातला आहेर?" चंद्रभान पुटपुटला. "जोरात मारा काका!"

बन्सीधररावांनी सारे बळ एकवटून प्रहार केला. डब्यातील पंखा गरकन फिरू लागला. यंत्र काही बोलण्यापूर्वी खिल्लारे यांनी प्लग काढला.

"आता, जोडलं कोणी? चंद्रभानने नव्हे. हातात चिकटपट्टीची बांगडी घालून हिंडणारा माणूस तांबं उघडं ठेवणार नाही. दीपिकाताईंनी नव्हे. त्यांना परभणीला जायचं आहे. थांबवणारा आवाज त्या कशाला जिवंत करतील? तारेचं आवरण दातांनी सोललेलं आहे, खुणा स्पष्ट आहेत. म्हणजे धोंडीबाही नव्हेत. आणि टोकांना गाठ नाही. तांब्यावर तांबं निजवून पीळ दिलेला आहे. वर काहीतरी लेपलेलं होतं, ते वाळून खपल्या पडल्या आहेत. त्या खपल्यांना चिंचोक्याचा वास येतो."

रहाट थांबला होता. भिवराबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"ज्या डब्याच्या आत तुम्ही कधी डोकावला नाहीत, आई, त्यातलं सूत लाल-पिवळं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"मल्हार दातानंच सोलायचा तारा," भिवराबाई म्हणाल्या. "मी बघितलं होतं. मला वाटलं उंदरानं तोडलं. घरात कुणी न्हवतं. सुतावानी जोडलं, खळ लावली, बटण दाबलं, तर बोललं! मग झाकून ठेवलं. कुणी हसंल म्हणून सांगितलं न्हाई. अन् पुढं दिवाळीला ते आपल्या आपण बोललं... मला वाटलं, वाट मोकळी केली म्हणून आला. मी खोटं न्हाई केलं साहेब. मला खरंच वाटलं."

"मला माहीत आहे. खळ दमट होती तोवर तारा जागच्या जागी होत्या. थंडीत ती वाळली, तडकली, आणि तारा मोकळ्या झाल्या. तुम्ही कोणालाही फसवलेलं नाही."

"पण मग कापली कुणी?" दीपिकेने विचारले.

खिल्लारे यांनी बॅटरीचा झोत आत टाकला. जोडलेल्या तारेशेजारच्या जाड केबलवर पात्याचा चावा बसला होता. चाव्याची रेघ सलग नव्हती; टोकाजवळ ती मध्येच थोडी सुटली होती. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही.

"माझ्या कातरीला खांडा हाय," धोंडीबा दारातूनच म्हणाले. "मीच कापली."

भिवराबाईंनी मान वर केली. "तुमी?"

"रोज सकाळी तू बटण दाबायचीस. रोज पोरगं बोलायचं." म्हाताऱ्याने चौकटीला हात टेकला. "एकदा माती दिली त्याला. रोज सकाळी परत देऊ का?"

"मला सांगायचं तरी."

"तू ऐकताना हसायचीस. कसं सांगू?"

दीपिका खिल्लारे यांच्याकडे वळली. तिचा प्रश्न अद्याप शिल्लक होता आणि तो केवळ तिचाच होता.

"म्हंजे त्यांनी मला थांब म्हणलं न्हाई?"

"म्हणाले होते, ताई. ज्या सकाळी त्यांनी तो आवाज भरला त्या सकाळी. तेव्हा तुम्ही मेंढरांकडे निघाला होतात. परभणीविषयी ते काहीच म्हणालेले नाहीत. त्यांना ते ठाऊकच नव्हतं."

दीपिकेने पदराने डोळे पुसले आणि मान डोलावली.

चंद्रभान कामाला लागला. "प्लग काढलेला आहे, आणि तसंही या तारांत झटका बसण्याइतका जोर नाही," खिल्लारे यांनी भिवराबाईंना समजावले. चंद्रभानने जुने जोड कापून काढले, टोके नव्याने सोलली, पीळ दिला, आणि एक जोड वर व एक खाली राहील अशा बेताने दोन्हींना निरनिराळी चिकटपट्टी गुंडाळली. झडप लावून त्याने ती स्क्रूने आवळली. प्लग पुन्हा भिंतीत गेला.

घटकाभराने आणखी एक मालगाडी आली. कपबशा किणकिणल्या. गाडी गेली. सर्वजण पडद्याकडे पाहत राहिले. पडदा काळाच राहिला. भयाचे कारण नाहीसे झाले होते. तरीही ती शांतता बन्सीधररावांना मघाच्या आवाजाहून अधिक असह्य वाटली.

"आता न्हाई येणार का तो?" भिवराबाईंनी विचारले.

दीपिका उठली. तिने सासूचा हात धरून त्यांना टेबलापाशी आणले आणि त्यांचे बोट बटणावर ठेवले. "हे दाबा आत्या. मी नसले तरी. तुमाला वाटंल तवा. फकस्त मामा घरात नसताना."

भिवराबाईंनी दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला. सर्वजण वाट पाहत राहिले.

"दीपे, थांब की गं. जाऊ नको."

"जाऊ दे रे तिला," भिवराबाई पडद्याला म्हणाल्या. "मी हाय की हितं."

धोंडीबा या खेपेस बाहेर गेले नव्हते. चौकटीला धरून ते उभेच होते. त्यांनी नाक शिंकरले, घसा खाकरला आणि सुनेला विचारले,

"हॉस्टेलात गादी देतेत का, घरून न्यायची?"

"घरून न्यावी लागती, मामा."

धोंडीबांनी शिडी भिंतीला लावली आणि माळ्यावरची गादी काढण्यासाठी ते वर चढू लागले.